दिवे लागले की उठव

आबा, म्हणजे माझे वडील, एसटीत बसले की खंबाटकी यायच्या आत झोपायचे. झोपायच्या आधी टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि मला सांगायचे, "दिवे लागले की उठव." १९७६ सालची गोष्ट. मी दहा वर्षांचा होतो आणि पहिल्यांदाच मुंबईला चाललो होतो. साताऱ्याहून रातराणी, खिडकीची जागा, डोळ्याला डोळा नाही. कात्रज उतरून पुण्याचे दिवे दिसले तसे मी त्यांना हलवून उठवलं. त्यांनी अर्धा डोळा उघडून बघितलं आणि म्हणाले, "हे न्हवं रं. पाणी ओलांडलं की लागत्यात ते."

बोरघाट उतरला, खोपोली गेली. पनवेलला गाडी थांबली, लोक चहा पिऊन आले. आणि पनवेलच्या पुढं जो अंधार सुरू झाला, तो मला अजून आठवतो. आमच्या डोंगरातला अंधार वेगळा, त्याला उंची असते. हा सपाट होता. खिडकीतून चिखलाचा खारट वास येत होता आणि बेडकांचा आवाज गाडीच्या आवाजाच्या वर चढत होता. मधेच एखाद्या गावातली एखादी मिणमिणती चिमणी, बस. मग ठाण्याच्या खाडीवरचा पूल लागला. तीन वर्षांपूर्वीच तो वाहतुकीला खुला झाला होता. आधी याच प्रवासाला मुंब्रा-ठाण्यावरून वळसा होता. पुलाच्या मध्यावर आलो आणि समोर चेंबूरकडच्या रिफायनरीच्या धुराड्यावरची ज्योत दिसली. तिच्यामागं दिवेच दिवे. मी आबांना उठवलं. त्यांनी टोपी घातली.

परतीचा प्रवास दिवसाचा होता, तेव्हा त्या अंधारात काय होतं ते कळलं. भाताची खाचरं, मातीचे लांबच लांब बांध, मिठागरांतले मिठाचे ढीग आणि त्यांच्यापलीकडं खाडीला लागून तिवरांची, म्हणजे खारफुटीची, गर्द झाडी. आमच्याकडं भात डोंगराच्या पायऱ्यांवर लावतात. एवढं सपाट भात मी पहिल्यांदा बघत होतो.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत हा प्रवास किती वेळा झाला याची मोजदाद नाही. सुरुवातीला आबांबरोबर, मग आबांना भेटायला, मग आबांना आणायला, आणि आता पुतण्याकडं. दर खेपेला मी एकच गोष्ट बघत आलो, दिवे कुठं लागतात ती. आधी ते पुलापलीकडं होते. मग वाशी पेटली. मग नेरूळ, बेलापूर. मुंबईहून वाशीपर्यंत लोकल १९९२ साली आली आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना इमारती उगवल्या. एक्स्प्रेसवे २००२ मध्ये पुरा झाला तोवर कळंबोली, कामोठे, खारघर उजळलं होतं. आता खालापूरच्या टोलनाक्यापासूनच डोंगराच्या पोटाशी टॉवर दिसतात आणि पनवेलच्या पुढं अंधार म्हणून काही उरलेला नाही. सरकारी कागदावरही तसंच झालं. मुंबई महानगर प्रदेश म्हणून जो भाग आखला होता तो ४,३५५ चौरस किलोमीटरचा होता, तो वाढवून ६,३२८ केला. खालापूर, पेण, अलिबाग सगळं त्यात आलं.

हे मी साताऱ्यात बसून का लिहितोय, असं कुणी विचारेल. त्याला कारण आहे. ते दिवे आमच्या पाण्यावर पेटले आणि त्यांच्याखालचे धान्याचे, कांद्याचे कट्टे आमच्या माणसांनी वाहिले.

आमचं गाव जावळीतलं, बामणोलीच्या पलीकडचं. जुनं गाव नदीकाठाला होतं. १९६१-६२ मध्ये कोयना धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा आजोबांची तीन एकर खाचरं, घर, गोठा, गावचं देऊळ सगळं शिवसागर जलाशयात गेलं. काही घरं उठून ठाणे आणि कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यांत वसायला गेली. आमच्यासारखी काही नुसती वर सरकली, डोंगराच्या उतारावर, जिथं नाचणी-वरीशिवाय काही होत नव्हतं. धरणाचं पाणी तिथून बोगद्यानं सह्याद्रीच्या पलीकडं जातं, पोफळीला वीज होते, आणि तेच पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. वीज मुंबईला गेली. ज्या गावांनी जमीन दिली त्यांतल्या कितीतरी गावांत पुढची वीस-पंचवीस वर्षं कंदीलच होते. आमच्या गावात खांब आले तेव्हा मी नोकरीला लागलो होतो.

पाण्यामागोमाग आबाही गेले. डोंगरीला गावाची एक खोली होती. तीस-पस्तीस माणसं पाळीपाळीनं झोपायची, एकाची पथारी गोळा झाली की दुसऱ्याची पसरायची. मस्जिद बंदरच्या गोदामांत आबा कट्टे उचलायचे. त्या कामाला माथाडी म्हणतात. १९६९ चा माथाडी कायदा झाला, त्यामागं उभे राहिलेले अण्णासाहेब पाटील आमच्याच सातारा जिल्ह्यातले, पाटण तालुक्यातले. त्या कायद्यामुळं आबांचा पगार बोर्डातून यायला लागला, फंड कापला जायला लागला, आणि मी मॅट्रिकच्या पुढं शिकलो. आबांच्या मानेखाली, दोन खांद्यांच्या मधे, लिंबाएवढी गाठ आली होती. चोळून द्यायला सांगायचे तेव्हा ती हाताला लागायची. दुखायची नाही म्हणायचे.

१९८१ मध्ये कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईतून वाशीला हलवला. पुढं मसाला, धान्य, भाजी, सगळंच गेलं. बाजारामागोमाग माथाडी गेले, कारण माल जिथं उतरतो तिथंच त्यांचं पोट. मग कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीत माथाड्यांना घरं मिळाली. आबांना कोपरखैरण्याला एक बैठं घर मिळालं. एक खोली, एक मोरी, पुढं ओट्याएवढी जागा. पण स्वतःचं. आई गावाकडून पहिल्यांदाच तिथं राहायला गेली आणि तिनं चूल मांडली. स्टोव्ह होता, तरी कोपऱ्यात चूल हवीच होती तिला.

त्या चुलीवरून झालेला एक प्रसंग मला आयुष्यभर पुरला आहे.

सुट्टीत मी तिथं गेलो होतो. सकाळी दारात एक आगरी म्हातारी आली, डोक्यावर पाटी, पाटीत कोलंबी आणि चिखलातल्या निवट्या. आईला मासळीतलं काही कळत नव्हतं, पण तिनं म्हातारीला पाणी दिलं. पाणी पिऊन ती उंबऱ्यावर टेकली आणि घरात बघत राहिली. भिंती, मोरी, कोपरा. मग म्हणाली, "तुमचे चुलीखाली आमचा शेत हाय."

भांडायच्या सुरात नाही. एखादी बाई "इथं माझं माहेर" म्हणेल तसं. आईनं काय बोलावं? तिनं चहा टाकला. म्हातारी चहा प्यायली, वाटाभर कोलंबी ठेवून गेली, पैसे घेतले नाहीत. संध्याकाळी आबा मार्केटातून आले, आईनं त्यांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. हातपाय धुतले, पुढं ओट्यावर बसले, आणि म्हणाले, "आपलं पाण्याखाली गेलं, त्यांचं भरावाखाली गेलं." त्यानंतर आमच्या घरी मासळी यायची ती त्या म्हातारीकडूनच, आणि घासाघीस करायची नाही हा आबांचा दंडक होता.

तिच्या नवऱ्याशी माझी ओळख झाली ती अशी. त्यांनी मला खाडीकडं नेलं आणि उरलेला एक बांध दाखवला. तोवर मी समजत होतो की समुद्राकाठची जमीन आपोआप शेती होते. ती होत नाही. भरतीचं पाणी ज्या खाजणात शिरतं, तिथं माणसांनी चिखलाचे बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवायचं, पावसाच्या पाण्यानं दोन-चार वर्षं जमिनीतलं मीठ धुवायचं, तेव्हा कुठं खारं भात उभं राहतं. बांधाला ठिकठिकाणी उघाडी असते. दगडी चौकट आणि तिला बाहेरच्या बाजूनं लाकडी झडप. भरती आली की खाडीचं पाणी झडपेला रेटतं, ती मिटते. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलतं, ती उघडते. ना माणूस, ना कुलूप. दिवसातून दोनदा समुद्र स्वतःच दार लावतो आणि उघडतो. मी तिथं तासभर बसून ते बघितलं. झडपेच्या खालच्या कडेला शेवाळ धरलं होतं, आणि ती मिटताना पाण्यात एक मऊ थाप वाजायची, दारावर ओला हात मारल्यासारखी. बांधाला खांड पडली तर गाव रात्री उठायचं, कारण एकदा खारं पाणी आत शिरलं की ती जमीन तीन वर्षं हातची गेली. म्हणजे ते शेत एकट्याचं असूच शकत नव्हतं. बांध सगळ्यांचा.

पुढं वाचत गेलो तेव्हा कळलं की नवी मुंबई बांधणाऱ्यांनीही तेच केलं. तिथली बरीच जमीन मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे, म्हणून हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीनं डच पद्धतीचे धारण तलाव खोदले. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी तलावात साठायचं, ओहोटीला झडपांतून खाडीत जायचं. उघाडीच ती, काँक्रीटची. फरक एवढाच की उघाडीतला गाळ काढायला गाव होतं. तलावांत गाळ साठत गेला, त्या गाळात तिवरं उगवली, आणि त्यांची साठवण कमी झाली.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कोपरखैरण्यात आमच्या घरात गुडघाभर पाणी होतं. फोन लागत नव्हते, दुसऱ्या दिवशी रात्री आबांचा आवाज ऐकू आला. मी घाबराघुबरा, आणि ते शांतपणे सांगत होते, "भरती हुती. झडप मिटली आसंल, पाणी जाणार कुठं?" त्या म्हाताऱ्याकडून शिकले होते ते.

आता जमिनीबद्दल थोडं. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायची ठरली. भावासाठी तिथला शेतकरी लढला. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच शेतकरी मारले गेले. दि. बा. पाटील त्या लढ्याचे नेते. त्यातूनच पुढं घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. तिथल्या विमानतळाला दिबांचं नाव देण्याचा ठराव राज्याच्या विधिमंडळानं केला आहे. त्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला आणि दहा गावं हलवली. हे मी वर्तमानपत्रात वाचत होतो तेव्हा मला आमचं देऊळ आठवत होतं. वडीलधारी सांगायची, पाणी चढत असताना देव उचलून वर आणला, पण पायरीचा दगड आणायचा राहिला.

पुतण्याला उलव्यात फ्लॅट घ्यायचा होता. चौदाव्या मजल्यावर गेलो. एजंट तरुण होता, बोलायला चांगला, बाल्कनीचं दार सरकवून म्हणाला, "एअरपोर्ट व्ह्यू." समोर धावपट्टीची सपाटी, कापलेल्या टेकडीचा उघडा दगड, त्यापलीकडं खाडी. अटल सेतूची रेघ धुक्यात जात होती. मी विचारलं, "इथं आधी काय होतं?"

"काही नाही काका. सगळं रिकामं होतं."

मला राग आला नाही, पण पोटात काहीतरी खाली गेलं. हा शब्द मी आधी ऐकला होता. धरणाच्या वेळी साहेब लोक आमच्या आजोबांच्या गावाबद्दल तेच बोलले होते, असं आबा सांगायचे. चार घरं, बाकी रान, रिकामंच. कोपरखैरण्याचं घर मिळालं तेव्हा आम्हीही मनात तेच धरलं असणार. चुलीखाली कुणाचं शेत आहे हे म्हातारी सांगेपर्यंत आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

माझ्या मुलीनं भूगोल घेतला आणि उपग्रहाच्या चित्रांचं काम शिकली. घरी आली की लॅपटॉप उघडून दाखवते. लँडसॅट उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची आहेत. झाडी त्यांत लाल दिसते असे रंग घेतात. तिवरं गडद लाल, खाडी काळी, बांधकाम निळसर राखाडी. तिनं ठाण्याच्या खाडीकाठची चित्रं एकामागून एक सरकवली आणि मी पन्नास वर्षांत खिडकीतून जे बघितलं ते अर्ध्या मिनिटात झालं. राखाडी रंग आधी रस्त्याला आणि रुळाला धरून लांब पसरतो, मग दोन फाट्यांमधली जागा भरतो. पारसिकच्या डोंगरापाशी आला की अडतो, आणि मग डोंगरच खाणींनी कुरतडायला लागतो.

मी विचारलं, यातला एक ठिपका केवढा? ती म्हणाली, अगदी सुरुवातीची चित्रं सोडली तर तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद. मी मनात हिशोब केला. नऊशे चौरस मीटर, म्हणजे जवळपास नऊ गुंठे. आजोबांची पाण्याखाली गेलेली तीन एकर म्हणजे तेरा-चौदा ठिपके. तेवढ्यावर आठ माणसांचं घर चाललं होतं. उलव्यात एका ठिपक्यावर पन्नास बिऱ्हाडं राहतात, आणि त्यांनाही कुठंतरी राहायचंच आहे. हे मी विसरत नाही. आमच्या डोक्यावर छप्पर आलं ते याच राखाडी रंगातून.

मग तिनं आणखी एक सांगितलं, ते माझ्या मनातून जात नाही. उन्हाळ्यातलं चित्र घेतलं तर कापणी झालेलं कोरडं भाताचं शेत आणि बांधकाम यांत संगणकाची गफलत होते. दोन्हीकडून उजेड साधारण सारखाच परत येतो. म्हणून पावसाळ्यानंतरचंही चित्र जोडून बघावं लागतं. शेत हिरवं होतं, बांधकाम होत नाही. मी तिला म्हटलं, त्या एजंटानं जमीन बघितली असेल ती मे महिन्यात. भाताच्या लावणीला बघितली असती तर तिथं कंबरेत वाकलेल्या बायका दिसल्या असत्या.

आमच्या जावळीतही मे महिन्यात सगळं रिकामंच दिसतं. शिवसागराचं पाणी उतरतं, तळाची लाल-काळी माती उघडी पडते, जुन्या वाटा दिसतात, आंब्यांचे बुडखे दिसतात. त्या ओल्या गाळात लोक गाळपेर करतात, पाणी परत चढायच्या आत जे निघेल ते. अनोळखी माणसाला तो नुसता चिखल वाटेल. चुलतीला अजून नेमकं सांगता येतं, की हा बांध कुणाचा, ही विहीर कुणाची.

याच डोंगरावर आता नवीन महाबळेश्वर हा सरकारचा गिरिस्थानाचा प्रकल्प येतो आहे. पहिल्या आराखड्यात २३५ गावं आहेत. गावच्या पारावर पोरं मोबाइलवर नकाशा बोटांनी मोठा करून आपलं घर शोधत होती. मुंबईकर मंडळींचेही फोन येतात. यात्रेला येतात तेव्हा बोलणं गुंठ्यावर येतं. पूर्वी "पाऊसपाणी काय म्हणतंय" असं विचारायचे. कुणाला विकायची आहे, कुणाला अडवायची आहे, आणि दोघंही खोटं बोलत नाहीत. पोरांना काम हवं आहे, पाणी समोर असून पंप लावायला परवानगी नाही, दवाखान्याला लाँचनं जावं लागतं. मी सभेत उठून एवढंच म्हणालो, की आराखडा करणाऱ्यांनी आमच्या भाताचा तरवा लावायच्या दिवसांत इथं चार रात्री मुक्काम करावा. टाळ्या वाजल्या. पुढं काय होतंय ते बघायचं आहे, आणि मी सोडणार नाही. हरकतीचा अर्ज स्वतः लिहून दिला आहे, त्यात आमची प्रत्येक विहीर नावानिशी घातली आहे.

शहर नकोच असं मी म्हणत नाही. माझा बाप शहराच्या कामावर झिजला आणि त्याला शहरानं कायद्याचं संरक्षण दिलं, जे गावात कुणी दिलं नसतं. पण त्या म्हातारीला कुणीतरी आधी विचारायला हवं होतं, की बाय, इथं काय आहे? तिनं बांध दाखवला असता, उघाडी दाखवली असती, भरती कुठवर येते ते दाखवलं असतं. शहरालाच ते कामाला आलं असतं.

आबा जाऊन बारा वर्षं झाली. शेवटची दोन वर्षं गावी होते, समोरच्या पाण्याकडं तोंड करून ओट्यावर बसायचे. आता त्या जागी चुलती बसते. गेल्या मे महिन्यात मी गेलो होतो. जेवणं झाली, लाइट गेली होती, आम्ही दोघं बाहेर बसलो. पाण्यापलीकडच्या उतारावर तरी पांढरे दिवे होते. चुलती बोट धरून मोजायला लागली. पहिला शाळेचा मास्तर राहायचा त्या वस्तीवरचा, त्यानं बॅटरी बसवली आहे. दुसरा धनगराच्या झापाचा. तिसऱ्यापाशी थांबली.

"ह्यो कुणाचा रं?"

मला माहीत नव्हतं. त्याच्या वर आणखी चार होते, एका ओळीत.

"दिवाळीला न्हवतं हे," ती म्हणाली, आणि पदर डोक्यावर ओढून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.